भाताच्या गिरणीत कानांची परीक्षा

२१ नोव्हेंबर १९६७, पुणे

सकाळी सहा वाजता मी शाळेच्या ओट्यावर बसून हेडफोनच्या सहा जोड्यांच्या रबरी गाद्या स्पिरिटने पुसत होते. हे काम दर आठवड्याला करावंच लागतं. सहा जोड्या चोवीस मुलांच्या कानांवर फिरतात, आणि एकाचा फुटलेला कान दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. यंत्र आलं त्या दिवशी कार्यकारी मंडळाने त्याला हळदकुंकू वाहून हार घातला होता. पुसायचं कोणी, याबद्दल मंडळ काही बोललं नाही. कुंकवाचे कण मायक्रोफोनच्या जाळीत मला अजून सापडतात.

यंत्र म्हणजे सामूहिक श्रवणयंत्र. ट्रंकेएवढी पेटी, पुढे एक मायक्रोफोन, मागे सहा हेडफोन. बाईंनी मायक्रोफोनमध्ये बोलायचं, पेटीने आवाज मोठा करायचा, आणि ज्या मुलाला जेवढा लागेल तेवढा बटण फिरवून त्याच्या कानात सोडायचा. मी वीस वर्षं मुक्याबहिऱ्या मुलांना शिकवते. त्यातली सतरा वर्षं हे काम माझा घसा करत होता. परिणामी मी घरीही मोठ्याने आणि सुटं सुटं बोलते. आमच्याकडे आज भाजी कोणती, हे शेजारच्या तीन बिऱ्हाडांना कळतं, अशी यजमानांची तक्रार आहे.

हे धूड घेऊन मावळात जायचं कारण एक पत्र. एका खेड्यातल्या गुरुजींनी कळवलं होतं : हौसा नावाची नऊ वर्षांची मुलगी तीन वर्षं पहिलीतच आहे. बोललेलं समजत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही, वर्गातून उठून पळून जाते. डिसेंबरात शाळेची तपासणी आहे. त्याआधी तिचं नाव काढावं की आपल्या शाळेत पाठवावं, याचा निकाल आपण प्रत्यक्ष पाहून लावावा. आमच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाली होती, आणि ती भरूनच परत यावं, असं मंडळाने मला सांगितलं होतं.

मंडळाने दिलेल्या अर्जाच्या शेवटी दोन चौकोन होते. 'मूकबधिर' आणि 'मतिमंद'. पहिल्यात खूण केली की मुलगी आठ वर्षांसाठी पुण्याला, आईची भेट दिवाळीत आणि मे महिन्यात. दुसऱ्यात केली की शाळेतून नाव कमी आणि उरलेलं आयुष्य गुरांमागे. तिसरा चौकोन नव्हता.

गावाचं नाव सांगत नाही, कारण गुरुजी अजून तिथेच नोकरीला आहेत. कामशेतला उतरायचं आणि बेडशाच्या दिशेने जायचं, एवढं पुरे. बेडशाची लेणी पाहिली का, असं परत आल्यापासून सगळे विचारतात. नाही पाहिली.

माझ्याबरोबर आमचे लेखनिक पेंडसे होते. त्यांनी एकदा ऑफिसातला रेडिओ दुरुस्त केला, तेव्हापासून ते यंत्राचे पालक आहेत. त्यांनी पेटीला स्वतःचं ब्लँकेट गुंडाळलं होतं. कामशेतपासून बैलगाडी केली. गाडीत पेंढा एकापुरताच होता. तो पेटीला मिळाला आणि आम्ही फळीवर बसलो. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. कापलेल्या खाचरांत बगळे पुणेरी पेन्शनरांसारखे एकेकटे फिरत होते.

"पेटीत काय हाय वो?" गाडीवानाने विचारलं.

"श्रवणयंत्र," पेंडसे म्हणाले.

"श्रावनाला लय येळ हाय अजून," गाडीवान म्हणाला, आणि पुढचे तीन मैल आमच्याशी बोलला नाही.

त्याच दिवशी दुपारी, शाळेत

गुरुजी पन्नाशीचे, स्वच्छ धोतर, स्वच्छ टोपी. ते बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, घसा बसलाय. मी मिठाच्या गुळण्या सुचवल्या.

"नाही बाई, आवाजच असा आहे," ते म्हणाले. हे ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. "बावीस वर्षांत मुलांवर एकदा आवाज चढवला नाही मी."

पदक दाखवावं तसं त्यांनी ते सांगितलं. आमच्या पुण्यातही हळू बोलणं हे चांगल्या घरचं लक्षण समजतात, त्यामुळे मला त्यात गैर काही दिसलं नाही. इथे माझी पहिली चूक झाली.

कापणीमुळे निम्मा वर्ग शेतात होता. उरलेली मुलं पुढे, मुली मागे, आणि सगळ्यांत मागे दाराशी हौसा. तेल न लागलेले केस, कुठेही न थांबणारे डोळे. गुरुजी म्हणाले, "पाटी काढा." सगळ्यांनी पाट्या काढल्या. हौसाने शेजारणीकडे पाहिलं आणि मग काढली. मी तिच्या मागे उभं राहून साध्या आवाजात हाक मारली. काही नाही. टाळी वाजवली. काही नाही. मग डब्याचं झाकण फरशीवर टाकलं. अख्खा वर्ग दचकला, आणि वर्ग दचकलेला पाहून हौसाही दचकली, थोडी उशिरा. मी वळून नोंद करीपर्यंत ती दारातून बाहेर.

"पळाली," गुरुजी म्हणाले. "आता गिरणीत जाऊन बसेल. शहाण्या माणसाचं डोकं फिरेल अशा खडखडाटात ही तासन् तास बसते बाई. याला काय म्हणायचं, सांगा."

वीस वर्षं या धंद्यात असलेल्या बाईला यावर काहीतरी सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही.

रात्रीच्या जेवणाला गुरुजींच्या पत्नीने तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि नव्या आंबेमोहोराचा भात केला होता. पुण्यात आम्ही आंबेमोहोर पाहुण्यांना आणि आजाऱ्यांना वाढतो. इथे त्याचा डोंगर पानात पडला, आणि मी निम्म्यावर थांबले तर वहिनींना वाटलं मला ताप आहे. पेंडसे यंत्राला वीज कुठे मिळेल, याच्या काळजीत जेवले. लोणावळ्याच्या धरणांवर होणारी वीज घाट उतरून मुंबईला जाते. इथे कंदील. भिंतीत पिन खुपसता येईल अशी जागा पंचक्रोशीत एकच होती, सडकेवरची भाताची गिरण. म्हणजे कानांची परीक्षा घ्यायला आम्हाला मावळातल्या सगळ्यांत गोंगाटाच्या ठिकाणी जायचं होतं.

२२ नोव्हेंबर, गिरण

पत्र्याची शेड, आत पट्ट्यावर गरगरणारं यंत्र, हवेत तूस, दारापर्यंत पोती आणि पोत्यांवर बसलेल्या बाया. गिरण चालवणारे आबा साठीचे होते. भुवयांवर कोंडा बसून त्या पांढऱ्या झालेल्या.

"काय पायजे मावशी?" ते ओरडले.

मी शाळेतल्या आवाजात सांगितलं, काय पाहिजे ते. आबांनी मला खालून वर पाहिलं.

"मास्तरीन असून आवाज हाय की," ते म्हणाले.

परीक्षेपुरती तासभर गिरण बंद ठेवा, असं पेंडशांनी सुचवताच पोत्यांवरून उत्तर आलं. "ह्या पेटीपायी? मंग भात काय हिच्यात भरडनार?" बऱ्याच आरडाओरड्यानंतर दुपारी अर्धा तास मिळाला. तोवर आम्हाला कोंड्याच्या ढिगावर बसायची परवानगी होती. गुरुजींनी आधी रुमाल अंथरला.

हौसा तिथेच होती, तूस झाडत. तिची आई भिमाबाई वरच्या वाडीतून डोक्यावर भात घेऊन आली होती आणि रांगेत बसली होती. आबांची पाठ हौसाकडे होती. ते यंत्राच्या तोंडाशी बसवलेल्या चाड्यात भात ओतत होते. मान न वळवता ते म्हणाले, म्हणजे ओरडले, "हौसे, ती पाटी आन."

हौसाने झाडू ठेवला, कोपऱ्यातली वेताची पाटी उचलली आणि त्यांच्या हाताशी नेऊन ठेवली.

मी उठले. काल शाळेत पाटी म्हटल्यावर जिला शेजारणीकडे बघावं लागलं, तिने गिरणीत पाटी म्हटल्यावर कोणाकडेही न बघता पाटी आणली होती.

"आबा, ही तुमचं ऐकते?"

"मंग? समदं आयकती. लय हुशार पोरगी. येडी म्हनत्यात तिला, त्ये गुर्जी. त्येच येडं हाय."

गुरुजी दोन हात अंतरावर बसले होते. गिरणीच्या आवाजात त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून मान डोलावली.

मी एक सूप मागून घेतलं, हौसाच्या पाठीमागे उभी राहिले, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर सूप धरलं आणि गिरणीला शोभेल अशा आवाजात विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?"

"भिमाबाई," ती म्हणाली आणि मागे वळून कोण विचारतंय ते पाहू लागली.

"घरी गुरं किती?"

"दोन म्हशी. एक आटलीया."

दुपारी गिरण थांबली. शांततेत मी तेच सूप धरून, घरात बोलावं तशा आवाजात तेच दोन प्रश्न विचारले. हौसा तूस झाडत राहिली.

ज्यांचे कान बाहेरच्या बाजूने अधू असतात, आतली नस शाबूत असते, त्यांचं असं होतं. पट्ट्याचा खडखडाट त्यांना जेमतेम पोचतो. बाकीच्या माणसांना मात्र तो नको इतका ऐकू येतो आणि सगळे ओरडून बोलतात. म्हणजे हौसाला त्या गावात माणसांचं बोलणं ऐकू येईल अशी जागा एकच होती, आणि ती शाळेतून पळून तिथे जात होती. त्याला आम्ही वेडेपणा म्हणत होतो.

एवढ्यात पेंडशांना कळलं, की गिरणीच्या भिंतीला दोन भोकं आहेत आणि आपली पिन तीन पायांची. त्यांनी पिन काढून उघड्या तारा काड्यापेटीतल्या काड्यांनी भोकांत बसवल्या. हे मंडळाला सांगू नका, असं मला म्हणाले. मी सांगितलेलं नाही, फक्त इथे लिहिलंय. हौसाच्या कानांवर हेडफोन चढवले, गुरुजींना मायक्रोफोनसमोर बसवलं आणि नेहमीसारखा पाढा म्हणायला सांगितलं. मी बटण फिरवत गेले. दोन, तीन, चार. पाचवर हौसाचं तोंड उघडं पडलं. तिने गुरुजींच्या ओठांकडे पाहिलं. हेडफोन काढला. पुन्हा लावला.

"गुर्जी बोलत्यात," ती त्या शांत शेडमध्ये गिरणीच्या आवाजात म्हणाली.

"मंग काय करत्यात असं वाटलं व्हतं तुला?" आबांनी विचारलं.

"पान खात्यात."

पोत्यांवरच्या बाया इतक्या हसल्या की एक पोतं कलंडलं. गुरुजी हसले नाहीत. आपण पान खात नाही, हे त्यांनी त्या दिवशी मला दोनदा सांगितलं.

मी पुढचं बटण फिरवणार, तेवढ्यात अर्धा तास संपला. आबांनी घड्याळ पाहून मोटर सुरू केली. काड्यांमधून एक ठिणगी निघाली, पेटीत 'फट्' झालं आणि जळलेल्या रबराचा वास आला. पेंडशांनी पेटीवर हात ठेवला, मुलाचा ताप बघतात तसा.

"गेलं," ते म्हणाले.

संध्याकाळी भिमाबाई गुरुजींच्या अंगणात आली. खाली बसेना.

"घिऊन जानार का हिला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय इचारता? पुन्याला कान बरं करत्यात व्हय?"

"नाही. बोलायला शिकवतात."

"ती बोलती की." भिमाबाईने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. "घरला समदं बोलती. वाडीत कोन हळू बोलतंय? ह्या बांधावरनं त्या बांधावर वरडाया लागतं."

"मग वेडी का म्हणता तिला?"

"आमी कुटं म्हनतो? गुर्जी म्हनले. त्येंना जास्त कळतं." मग तिने विचारलं, "दिवाळीला तरी धाडता न्हवं?"

ती गेल्यावर पेंडसे माझ्याशेजारी येऊन बसले. "बाई, यंत्र जळालं. जागाही रिकामी राहिली तर मंडळापुढे उभं राहता येणार नाही. पहिल्या चौकोनात खूण करून टाका. नाही तरी इथे तिचं नाव कापणारच आहेत."

त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तीच अडचण होती. आमची जागा अशा मुलाची आहे ज्याला गिरणीतही ऐकू येत नाही. पण हौसा इथे राहिली, तर तिच्यासमोर तेच गुरुजी, तोच आवाज, आणि डिसेंबरात तपासणी. मी गुरुजींना स्पष्ट सांगितलं, "मुलगी वेडी नाही आणि मुकी तर नाहीच. मुका तुमचा वर्ग आहे." त्यांनी यावर काय उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही.

२३ नोव्हेंबर, लोणावळा

हौसा, भिमाबाई, गुरुजी आणि मी सकाळच्या गाडीने लोणावळ्याला डॉक्टरांकडे गेलो. पेंडसे पेटीजवळ थांबले. लोणावळ्यात मुंबईची माणसं हवा खायला येतात. हवा फुकट मिळते, त्याचा त्यांना संकोच वाटत असावा, म्हणून जाताना चिक्की घेतात. हौसाने बाजारात एका बाईला पँट घातलेलं पाहिलं आणि त्याबद्दल आईला जो प्रश्न विचारला, तो स्टेशनपर्यंत ऐकू गेला.

डॉक्टरांनी कान साफ केले. दोन्ही पडदे फुटलेले, लहानपणापासून वाहणारे. त्यांनी नादकाटा वाजवून कानाजवळ धरला तर हौसा ढिम्म. कानामागच्या हाडावर टेकवला तर खुदकन हसली. म्हणजे आतली नस ठणठणीत होती. औषधाने वाहणं थांबेल, ऐकणं थोडंच सुधारेल, मोठ्याने बोललेलं मात्र सगळं कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी कपाटातून हातभर रबरी नळी आणि एक नरसाळं काढलं. एक टोक मुलीच्या कानाशी, नरसाळं शिक्षकांच्या तोंडाशी. झालं यंत्र, वीज नको. मी नरसाळ्यात हळू बोलले आणि हौसाने उत्तर दिलं. मी खूश झाले.

गुरुजींनी नळी निरखून पाहिली. "ही एनिमाची आहे."

"नवी आहे," डॉक्टर म्हणाले.

"नळी नवी असेल. तिचं काम जुनं आहे." गुरुजींनी हात मागे घेतले. "मी हिला तोंड लावणार नाही. उद्या गावात तोंड दाखवायचंय मला."

परतीच्या गाडीत मी अर्ज काढला. दोन चौकोनांखाली पेनने तिसरा चौकोन काढला, त्यात खूण केली आणि पुढे लिहिलं : 'कमी ऐकणारी. बुद्धी उत्तम. याच शाळेत ठेवावी, पुढे बसवावी. शिक्षकांनी मोठ्याने बोलावे.' आणि कागद गुरुजींच्या हातात दिला.

"हे तपासणीला जाणार?" ते म्हणाले.

"एक प्रत तपासणीला, एक आमच्या मंडळाला."

समोर हौसा आईला मोठ्याने स्टेशनांची नावं विचारत होती, आणि आई तेवढ्याच मोठ्याने सांगत होती. डब्यातले लोक वैतागले होते.

"बाई," गुरुजी म्हणाले, "मला येत नाही हो."

"काय येत नाही?"

"मोठ्याने बोलायला. वडील म्हणायचे, ओरडतो तो अडाणी. लहानपणी खेळतानासुद्धा मी कधी..." पुढचं गाडीच्या आवाजात गेलं. पण यावेळी मी वाकून ऐकलं, आणि मला ते खरं वाटलं. मुलीचं नाव कापायला निघालेला माणूस दुष्ट नव्हता. त्याला एक गोष्ट शिकवायची राहून गेली होती, इतकंच. ज्यांनी जन्मात आवाज ऐकलेला नाही अशा मुलांकडून मी 'प' आणि 'ब' वदवून घेतलेत. पन्नाशीचे गुरुजी काय अवघड.

२४ नोव्हेंबर

दुसऱ्या दिवशी मी सकाळची गाडी सोडून दिली आणि शाळा भरायच्या आत गुरुजींना गिरणीत नेलं. भात घेऊन आलेल्या बाया होत्याच. हौसाला वीस पावलांवर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तिच्या एका बाजूला वेताची पाटी होती, दुसऱ्या बाजूला दप्तर. आबांनी पट्टा सुरू केला.

"हात पोटावर ठेवा," मी गुरुजींना म्हणाले. "घशातून नाही, इथून. हात हलला पाहिजे."

"हौसा, पाटी आण," गुरुजी म्हणाले.

"कुनाला सांगताय गुर्जी?" आबा ओरडले. "उंदराला?"

दुसऱ्यांदा हात हलला नाही. चौथ्यांदा हलला, पण आवाज निघाला नाही. सहाव्यांदा आवाज निघाला आणि मध्येच फाटला, तेव्हा एका म्हातारीने, "आता लागलं बगा पानी पाटाला," म्हणून धीर दिला. गुरुजींनी टोपी काढून पोत्यावर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय प्रथमच पाहत होते. त्यांनी छाती भरून घेतली आणि नेमकं त्याच वेळी चाड्यातला भात संपला म्हणून आबांनी मोटर बंद केली.

"हौसा, पाटी आण!"

सडकेवरची बैलगाडी थांबली. पलीकडच्या खाचरात कापणारी माणसं सरळ उभी राहिली. गुरुजींच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

हौसा वळली. तिने उजवीकडच्या वेताच्या पाटीकडे पाहिलं, डावीकडच्या दप्तराकडे पाहिलं.

"कंची पाटी, गुर्जी?" तीही तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "भाताची का ल्ह्यायची?"

गुरुजींनी पोटावरचा हात काढला नाही.

"लिहायची," ते ओरडले.